सायकलवाल्याची बहीण

मी आजवर विमानात बसलेली नाही. जवळून पाहिलेलंही नाही. तरी जगात पहिल्यांदा विमान उडवणाऱ्या माणसाची जीवनकथा मला कोणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. लहानपणी त्याच्याकडे खेळणं कोणतं होतं, त्यानं मिशा कशा राखल्या होत्या, चार लोकांपुढं बोलायची वेळ आली की तो कसा लाजून मागं सरकायचा, सगळं मला पाठ आहे. आमच्या घरात पूर्वजांच्या गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत, त्या जागी ही एकच गोष्ट होती. ती दादानं सांगितली, मंगरूळपीरच्या आमच्या सायकलच्या दुकानात, शंभरदा तरी. आणि शंभरही वेळा एकाच ठिकाणी आणून थांबवली. पुढं काय झालं ते मला मागच्या दिवाळीत कळलं, तोवर उशीर झाला होता.

आमचा भाजीपाल्याचा मळा होता, गावापासून जवळच. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबा पहाटे सायकलला दोन्हीकडून टोपल्या बांधून बाजारात जायचे, आणि एवढ्या वजनानं ती सायकल आठवड्यातून दोनदा तरी बसायची. ती दुरुस्त करून आणता आणता दादाच कारागीर झाला. भाजीत त्याचं मन कधी रमलं नाही. बाबा म्हणायचे, पोराला चिखलाचा कंटाळा आणि ग्रीसची आवड, हात काळे व्हायचे ते होतातच. पुढं दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दादानं एक गाळा घेतला. शेजारच्या गाळ्यात शिलाईवाले चाचा बसायचे. त्यांची मशीन आणि आमचा हवा भरायचा पंप, माझं तरुणपण या दोन आवाजांत गेलं.

आई आणि बाबा दोन वर्षांच्या आत गेले. मी सतरा वर्षांची होते, दादा सव्वीसचा. मळा काकांनी बटईनं, अर्ध्या वाट्यानं, केला आणि आम्ही दोघं भाऊ-बहीण दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी सुरुवातीला दादाचा डबा घेऊन दुकानात जायचे, मग बसू लागले, मग हात लावू लागले. मुलगी पंक्चर काढते म्हणून गावात बोलणी झाली. बोलणाऱ्यांच्या सायकलींचे वॉल्व्ह मी मुद्दाम थोडे सैल ठेवत असे. माझ्या नाकावर राग तेव्हाही होता, आताही आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

पंक्चर काढणं दादानं मला शिकवलं तसं मी कुठंच कोणाला करताना पाहिलं नाही. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथं बोट दाबून धरायचं, पुसून कोरडी करायची. मग पॉलिश पेपरनं ती जागा घासायची, चांगली खरखरीत होईपर्यंत. मग सोल्युशन लावायचं. ते सुकू द्यायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच ठेवायचा आणि हातोडीनं ठोकायचा. मी घाईची. एकदा न घासताच पॅच लावला. दादानं नखानं तो टक्कन काढून माझ्या हातावर ठेवला.

"घासल्याबिगर लावलं तं ते नुसतं चिकटते, धरत नाही," तो म्हणाला. "ज्याले वाटीन तो नखानं काढीन. समजलं काय बाई?"

मला तो बाई म्हणायचा. आमच्याकडे लाडाच्या बहिणीला तसंच म्हणतात.

गोष्टीचं पुस्तक त्याला वाचनालयाच्या रद्दीत मिळालं होतं. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गेलेली, त्यामुळं त्याचं नाव काय आणि लिहिलं कोणी हे आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. दादा नववीत शाळा सोडलेला माणूस. त्यानं आयुष्यात पूर्ण वाचलेलं ते एकच पुस्तक असावं. त्यात दोन भाऊ होते, आणि ते सायकलवाले होते. दादाला वेड लावायला एवढं पुरेसं होतं. जगातल्या शहाण्या, शिकलेल्या, बंदुका-तोफांच्या माणसांना जे जमलं नाही ते दोन सायकलवाल्यांनी केलं, हे तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. ऐकणाऱ्याला हवा भरायची घाई असली तरी सांगायचा.

लहानपणी त्या भावांच्या वडिलांनी एक खेळणं आणलं. बांबूचं, कागदाचं, रबराला पीळ दिला की छताला जाऊन लागणारं. तिथून सुरुवात. मग सायकलचं दुकान. मग एक दिवस थोरला भाऊ गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळत होता आणि त्याच्या ध्यानात आलं की पंख असे पिळता आले तर हवेत तोल सांभाळता येईल. इथं दादा फळीवरचा खोका काढायचा आणि दोन्ही टोकं उलटसुलट पिळून दाखवायचा. आमच्या दुकानात एकही खोका सरळ नव्हता.

मग वारा शोधत समुद्राकाठच्या वाळूत जाणं, मग तंबूत राहणं, मग नाणं उडवणं. नाणेफेक थोरल्यानं जिंकली, पण त्याचं विमान नाकावर आपटलं. तीन दिवसांनी धाकट्याची पाळी आली. थंडी, वारा, पाहायला पाच माणसं. आणि ते उडलं.

"बारा सेकंद," दादा बोटं वर करून म्हणायचा. "तुह्या सोल्युशनले सुकाले याच्याहून जास्त टाइम लागते."

त्याचा जीव धाकट्यावर होता. तो लाजाळू होता, मिशा ठेवायचा, दादाही ठेवायचा. पुढं थोरला मुदतीच्या तापानं गेला आणि धाकटा मागं राहिला. ही जागा आली की दादा हातातला पाना खाली ठेवायचा. मग तो त्यांच्या बहिणीकडे वळायचा. त्यांना एक धाकटी बहीण होती, शिकलेली, शाळेत शिकवणारी. धाकटा विमानातून पडून पाय मोडून घेऊन दवाखान्यात गेला तेव्हा ती नोकरी सोडून त्याच्या उशाशी बसली. त्याला जे बोलता यायचं नाही ते लोकांशी ती बोलायची. त्याच्यासोबत देशोदेशी हिंडली, विमानातही बसली. थोरला गेल्यावर दोघं भाऊ-बहीण आणि म्हातारे वडील एका मोठ्या घरात राहू लागले. वडीलही गेले. मग दोघंच उरली.

"मग?" मी विचारायची.

"मग काय. राह्यले दोघं भाऊ-बहीन."

गोष्ट इथं संपायची. मला ती आवडायची. जगातला एवढा मोठा माणूस आणि त्याचं घर बहिणीवाचून चालत नाही, याचा मला फार अभिमान वाटायचा, जसं काही ती बहीण मीच. एका उन्हाळ्यात ट्रकच्या धक्क्यानं दादाचा पाय मोडला. वाशीमच्या दवाखान्यात मी त्याच्यापाशी राहिले आणि नंतर दीड महिना दुकान एकटीनं चालवलं. तेव्हा चाचा मला गमतीनं पायलटची बहीण म्हणू लागले. दादा हसायचा. पडल्या पडल्या सूचना द्यायचा, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, नीट निघाला का, चेन फार ताणली का. मी सांगायची, तू आपला पाय सांभाळ, चेन मी सांभाळते.

दादानं लग्न केलं नाही. एका स्थळाला सायकलवाला नको होता, दुसरं स्थळ पाहायला दादाच गेला नाही, त्यानंतर कोणी विचारलं नाही. माझ्यासाठीही कोणी फिरलं नाही. आईबाप नाहीत, पोरीचे हात ग्रीसनं काळे, आणि तोंड असं फाटकं. असं करत करत मी तेहतीस वर्षांची झाले. दुकानात तोवर सायकली कमी आणि मोटारसायकलींची पंक्चरं जास्त येऊ लागली होती. दादा त्यांना फटफट्या म्हणायचा आणि नाइलाजानं हात लावायचा.

त्या वर्षी मंगरूळपीरला बदलून आलेले एक टपालवाले आमच्याकडे येऊ लागले. वाशीमकडच्या मालेगावचे, आमच्याच लोकांपैकी, बायको वारलेली, घरी म्हातारी आई. त्यांच्या सायकलला इतक्या वेळा पंक्चर होऊ लागलं की मी एकदा ट्यूब पाण्यात बुडवून त्यांच्याकडे पाहिलं. एकही बुडबुडा नव्हता. ते लाल झाले. असं आमचं जमलं. कोणी कोणाला काही लपवलं नाही. त्यांनी स्वतः येऊन दादाला विचारलं. दादानं नाही म्हटलं नाही. तो चाकाचा आउट काढत बसला होता, एकेक तार ताणत, आणि त्यानं मान वर केली नाही. बराच वेळ चाक फिरत राहिलं. मग तो एवढंच बोलला की तिची ती जाणती आहे.

मला वाटलं, हा होकार आहे. आमच्या दोघांत एवढं बोलणं पुष्कळ असायचं.

त्यांची बदली पुन्हा मालेगावला झाली आणि लग्न तिथंच त्यांच्या घरापुढं झालं, वीस-पंचवीस माणसांत. दादा आला नाही. चाचा आले आणि दादाची तब्येत बरी नाही म्हणाले. चाचांना खोटं बोलता येत नाही, खोटं बोलताना ते टोपी काढून पुन्हा घालतात. आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, सगळे हसतात, नवरदेव त्याला काहीतरी भेट देतो. कानपिळीची वेळ आली तेव्हा भटजींनी दोनदा पुकारलं, नवरीचा भाऊ कुठं आहे. यांनी भावासाठी आणलेला शर्टाचा कपडा हातात धरला होता. मग भटजी पुढच्या विधीकडे वळले. त्या वेळी मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती.

पहिल्या भाऊबीजेला मी ताट घेऊन मंगरूळपीरला गेले. दुकान बंद होतं. मागच्या दारालाही आतून कडी होती. मी हाका मारल्या. आत स्टोव्ह सुरू होता, त्याचा आवाज ऐकू येत होता, आणि माझ्या तिसऱ्या हाकेला तो बंद झाला. मी दारापाशी उभी राहिले, मग ताट तसंच फडक्यात बांधून परत आले. दुसऱ्या वर्षी चाचांकडून निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. तिसऱ्या वर्षी मी जे केलं ते सांगताना आजही माझी मान खाली जाते.

भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. दुजेची ती बारीक कोर संध्याकाळी जरा वेळ दिसते आणि बुडते, तेवढ्यात ओवाळायचं. आमच्या ओळीतल्या सगळ्या बाया माहेरी गेल्या होत्या, नाहीतर त्यांचे भाऊ आले होते. घराघरांतून हसणं येत होतं. मी ताट उचललं, अंगणात गेले आणि चंद्राला ओवाळलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सगळं रीतसर.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या कधी आवाज चढवत नसत.

"भाऊ जित्ता असतांनी चांदाले ओवाळते काय कोनी?" त्या म्हणाल्या. "हे काय करून बसली व तू?"

मला कळत नव्हतं असं नाही. भाऊ मेला असं म्हणायची आमच्याकडे ही रीत आहे, आणि ते मी चारचौघींना दिसेल असं अंगणात जाऊन म्हटलं होतं. मालेगावहून मंगरूळपीरला रोज बस जातात आणि बसमधून बाया जातात. आठ दिवसांत ते दादाला कळलं. त्यानंतर काय झालं हे मला चाचांनी पुष्कळ उशिरा सांगितलं. दादानं तीन दिवस दुकान उघडलं नाही. चौथ्या दिवशी चाचांनी विचारलं, काहून बंद होतं. दादा म्हणाला, घरात सुतक होतं. चाचा घाबरले, त्यांनी विचारलं, कोनाचं?

"माहं," दादा म्हणाला, आणि शटर वर ढकललं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या दोघांना बरोबर लागू होतं. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. हे म्हणायचे, तू मोठं मन कर. मी म्हणायची, तो मोठा आहे, मोठं मन त्यानं करावं. मालेगावच्या आमच्या घरावरून रोज संध्याकाळी एक विमान जातं. लहान, चकाकणारं, मागं पांढरी रेघ सोडत. त्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून बाहेर येते. मी मंगरूळपीरला असताना दादाही यायचा, हात पुसत, दुकानाच्या पायरीवर, आणि विमान दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभा राहायचा. ती दोन मिनिटं आम्ही दोघं एकच गोष्ट पाहत असू, असं मी मनाशी धरून चालले होते. बाकी आमच्यात काही उरलं नव्हतं.

मागच्या वर्षी वसुबारसेला चाचांचा फोन आला. दादाच्या छातीत पाणी झालं होतं. वाशीमला नेलं होतं, तिथून घरी आणलं होतं. घरी आणलं याचा अर्थ मला समजला.

"बाई, येऊन जाय," चाचा म्हणाले. "तो नाही सांगनार. मी सांगून राह्यलो."

मी विचारलं, त्यानं माझं नाव घेतलं का. नाव नाही घेतलं, चाचा म्हणाले, पण दरवाज्याकडं तोंड करून झोपतो.

मी म्हटलं, भाऊबीजेला येते म्हणा.

आता यात मी स्वतःची कितीही बाजू घेतली तरी गोष्ट बदलत नाही. पाच दिवस मध्ये होते आणि दीड तासाची बस होती. यांनी त्याच दिवशी गाडी बाहेर काढली. मी नाही म्हटलं. धनतेरसेला पुन्हा काढली. माणूस आजारी आहे अन् तू पंचांग पाहून राह्यली, असं ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत ते माझ्यावर चिडलेले मी तेव्हाच पाहिले. पण माझ्या डोक्यात बसलं होतं की जे मी भाऊबीजेला मोडलं ते भाऊबीजेलाच जोडायचं. चंद्राला ओवाळलेलं ताट दादापुढं फिरवायचं, म्हणजे ते पुसलं जाईल. आडवारी रिकाम्या हातानं गेलं तर ती नुसती आजाऱ्याची विचारपूस होईल. हे मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. भाऊबीजेच्या दिवशी ओवाळायला आलेल्या बहिणीला भाऊ परत पाठवत नाही, एवढा त्या दिवसाचा मला आधार हवा होता. आणि एकदा त्यानं भाऊबीजेलाच मला परत पाठवलं होतं, हे मी विसरायचं ठरवलं होतं.

मी ताट चिंचेनं घासलं. करंज्या केल्या. त्याला तीळ घातलेली शेव आवडायची, ती केली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवा टॉवेल आणला. पाडव्याला दुपारी पिशवी भरून दाराशी ठेवली, सकाळच्या पहिल्या बसनं निघायचं म्हणून. रात्री उशिरा चाचांचा फोन आला. ते फक्त "बाई" म्हणाले आणि पुढं बोलले नाहीत.

भाऊबीजेला सकाळी मी मंगरूळपीरला पोचले. काकांकडचे लोक आले होते, सगळी तयारी झाली होती, माझ्यासाठीच थांबले होते. दादा बारीक झाला होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, तेवढं सोडलं तर तोच होता. पिशवी माझ्या हातातच होती. कोणीतरी ती घेऊन कोपऱ्यात ठेवली, तर आत ताट वाजलं. तो आवाज ऐकून मी खाली बसले.

लोक नदीवर जाऊन आले, आंघोळी झाल्या, पांगले. चाचा दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्यांना मी विचारलं की माझा निरोप दादाला दिला होता का.

"त्याच दिवशी देल्ला," ते म्हणाले. "मंग रोज विचारे, चाचा, भाऊबीज कवा आहे. लक्ष्मीपूजनाले म्या सांगतलं, परवा. त्यानं बोटं मोजले. दोन."

बोलता बोलता त्यांनी टोपीला हात लावला नाही, म्हणजे ते खरं होतं. मला वाटलं, त्यांनी या वेळी तरी खोटं बोलायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मी दुकान आवरायला घेतलं. सगळं जिथल्या तिथं होतं. माझी लहान हातोडी तिच्या खिळ्यावर होती, दांड्याला नवी पट्टी गुंडाळलेली. फळीवर ट्यूबचे खोके होते, सगळे पिळलेले. सोल्युशनच्या ट्यूबा ठेवायच्या डब्यामागं ते पुस्तक होतं. मी ते घेऊन पायरीवर बसले. दोघं भाऊ, खेळणं, वाळू, बारा सेकंद, सगळ्या पानांवर दादाच्या अंगठ्याचे काळे डाग. थोरल्याचा ताप आला. मोठं घर आलं. भाऊ आणि बहीण दोघंच उरली, ती जागा आली. त्याच्या पुढची पानं एकमेकांना चिकटलेली होती.

वासानंच कळलं. सोल्युशन होतं. आणि बोट लावताच दुसरीही गोष्ट कळली की ते कच्चं लावलेलं आहे, नखानं काढलं तर निघणारं. कडेला जुनं वाळून पिवळं पडलेलं होतं, त्यावर आणखी एक थर, त्यावर आणखी एक. सगळ्यात वरचा अजून पांढरा आणि ताजा होता. माझा एक न घासलेला पॅच ज्यानं चालवून घेतला नाही, त्या माणसानं ही पानं पुन्हा पुन्हा कच्ची चिकटवली होती आणि पुन्हा पुन्हा उघडली होती. मी नख घातलं. पानं फाटली नाहीत, सहज सुटली.

त्यात लिहिलं होतं की बहिणीनं पुष्कळ उशिरा, पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं. माणूस चांगला होता, जुन्या ओळखीचा, बायको वारलेला. भावाला सांगायलाच ती कितीतरी दिवस भीत होती. तिनं सांगितलं आणि तो तुटला. लग्नाला गेला नाही. तिच्याशी बोलला नाही, तिच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. ज्यानं वाऱ्याची एवढी पारख केली त्याला घरातल्या माणसाची पारख करता आली नाही. तीन वर्षांच्या आत ती आजारी पडली. छातीचंच दुखणं. तरी तो जाईना. मग वेगळं घर करून राहणाऱ्या आणखी एका भावानं त्याला समजावलं, आणि तो निघाला. तो पोचला तेव्हा ती जिवंत होती. तो तिच्या उशाशी होता आणि ती गेली.

मी ते तीनदा वाचलं. आधी मला त्या मिशीवाल्याचा संताप आला, मग दादाचा. सगळं माहीत होतं तर हा माणूस अकरा वर्षं काय करत बसला? वाचायचा, चिकटवायचा, पुन्हा वाचायचा, आणि मालेगावची बस समोरून जायची. रागाचा हा झटका फार वेळ टिकला नाही. पुस्तकातला भाऊ कितीही हट्टी असला तरी शेवटी निघाला, आणि निघताना त्यानं कोणता दिवस चांगला हे पाहिलं नाही. आमच्या गोष्टीत निघायची पाळी माझी होती. भरल्या पिशवीशेजारी बसून मी पाडवा जाऊ दिला. घासल्यावाचून लावलेलं धरत नाही, हे त्यानं मला शिकवलं होतं आणि तेच मी विसरले.

पुस्तक मी मालेगावला आणलं. ती पानं पुन्हा चिकटवली नाहीत. हातोडीही आणली. दुकान आता चाचांच्या मुलीनं घेतलं आहे, तिथं ती ब्लाउज शिवते. चाचा अजून पायरीवर बसतात. रोज संध्याकाळी विमान जातं आणि मी बाहेर येते. पूर्वी मला वाटायचं आम्ही दोघं पाहतोय. आता मी एकटी पाहते, आणि ते लवकर दिसेनासं होतं.

यंदा घरात दिवाळी साधीच होती. भाऊबीजेला ओळीतल्या बाया माहेरी गेल्या, घराघरांतून हसणं आलं. दिवस मावळायच्या सुमाराला मी ताट काढलं, कुंकू, अक्षता, सुपारी, दिवा ठेवला, तीळ घातलेली शेव ठेवली आणि अंगणात आले. कोर दिसत होती. सासूबाई आता फार थकल्या आहेत, काठी टेकत दारापर्यंत आल्या आणि उभ्या राहिल्या. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, दिवा ओवाळला. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.